फ्रीजरमधली गार

नागपूर,
रविवार, दुपार

चि. प्रणय यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "बाबा, हवामान खातं खोटं काहून बोलते?" मी तोंड उघडायच्या आत तुमची दहा मिनिटं संपली आणि मागच्या पोराने रिसीव्हर ओढला. प्रश्न इकडेच राहिला. तो तुझ्या डोक्यात कोणी घातला ते मला ठाऊक आहे. त्याच्या आदल्या दिवशी पेपरात यलो अलर्ट होता. म्हणून तुझ्या आईने गच्चीवर घातलेल्या मुगवड्या भर दुपारी उचलल्या, आणि संध्याकाळपर्यंत थेंब पडला नाही. ती तक्रार तिने तुझ्याजवळ केली, शेजारच्या काकूंजवळ केली आणि चहा देताना माझ्याजवळही केली, जशी सोनेगावची वेधशाळा मीच चालवतो.

आज दुकान बंद आहे आणि हाताला काम नाही. उत्तर द्यायचं तर हा अख्खा आठवडा सांगावा लागेल. तो दहा मिनिटांत मावत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी त्या शनिवारचं. बातमीतले शब्द होते, 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस'. आपण 'पाऊस' वाचतो आणि 'तुरळक' गिळून टाकतो. खात्याच्या भाषेत तुरळकला हिशेब आहे. त्या भागात पाऊस मोजणारी जेवढी केंद्रं आहेत, त्यांच्यापैकी फार तर चौथ्या हिश्श्यावर पडला तर तो तुरळक. आपला जिल्हा जवळपास ९,९०० चौरस किलोमीटरचा, आणि गडगडाटी ढग असतो पाच-दहा किलोमीटर रुंद. तो दुसऱ्या टोकाला बरसून गेला तर सक्करदऱ्यातल्या वड्यांना काय पत्ता? त्याच दिवशी उमरेडहून कूलरच्या बॉड्या न्यायला आलेला टेम्पोवाला डोक्यापासून पायापर्यंत ओला होता. वडी वाळली की नाही यावरून जिल्ह्याचा पाऊस ठरत नाही, हे मी आईला बोललो नाही. तूही बोलू नको.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा १२ अंश होते. शिवरात्रीनंतर थंडी जाते म्हणतात, पण पत्र्याला हात लावला की बोटं झिणझिणत होती. दारामागे टांगलेले दोन थर्मामीटर तू पाहिले आहेस. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलची चिंधी आणि तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय लावलं भाऊ?" मी सांगतो, "हा कूलरच आहे, याला फक्त पंखा नाही." पाणी उडून जाताना उष्णता सोबत घेऊन जातं, म्हणून ओला काटा खाली उतरतो. हवा जेवढी कोरडी तेवढं पाणी जोरात उडतं आणि तेवढा तो जास्त उतरतो. कूलर हवेला फार तर त्या ओल्या काट्यापर्यंत नेऊ शकतो. त्याच्या खाली नाही, मग तुम्ही खस लावा, वुडवूल लावा की हनीकोम. आता वीस वर्षं मी हे लोकांना सांगतो आहे आणि लोक विचारतात, "मोठा पंखा बसवून द्याल का?"

सोमवारी दुपारी कोरडा ३१ वर होता आणि ओला १७ वर. चौदा अंशांचा फरक! म्हणजे हवेत जेवढी वाफ मावली असती, तिच्या चौथाईपेक्षाही कमी होती. 'मावणं' कसं ते आकड्यात सांगतो. एक घनमीटर हवेत १० अंशांना साधारण ९ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७ ग्रॅम आणि ३० अंशांना ३० ग्रॅम. हवा तापली की तिचं पोट मोठं होतं. म्हणून तेवढीच वाफ पहाटे बरी वाटते आणि दुपारी ओठ फोडते. आईच्या वड्या त्या दिवशी एका उन्हात खडखडीत झाल्या.

आणि पहाटेची थंडीही त्याच कोरडेपणातून आली. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे फेकत असते. वर ढग असले, दमट हवा असली, तर ती उष्णता अडते आणि थोडी खाली परत येते. सोमवारी वर काहीच नव्हतं. जमीन पांघरूण न घेता झोपली. मला हे बीएस्सीला शिकवलं होतं, पण समजलं ते पहिल्या वर्षी दुकानाच्या ओट्यावर झोपलो तेव्हा.

एक सांगून ठेवतो, माझे १२ आणि वेधशाळेचे १२ एक नव्हेत. त्यांचा थर्मामीटर पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, पेटीला चहूबाजूंनी झिलमिल्या, जमिनीपासून चारेक फूट वर, ऊन थेट लागू न देता वारा खेळता ठेवणारी. माझा पत्र्याच्या दाराला चिकटून आहे. भर दुपारी तो तीन-तीन अंश जास्त दाखवतो. गल्लीतले लोक मोबाईलवरचा आकडा पाहतात, कपाळावरचा घाम पाहतात आणि म्हणतात, खातं तापमान लपवते. मे महिन्यात तर हे रोजचं भांडण असतं.

मंगळवारी विशेष काही नाही. ३३ अंश, पहिल्यांदा पंखा लावला, दोन जणांनी कूलरचे भाव विचारून तेवढं पुरे केलं. फक्त चारच्या सुमारास पश्चिमेला फार उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसले. तेवढं बघून मी तुझ्या आबाजींना फोन करायला हवा होता. ते ढग बर्फाच्या कणांचे असतात आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी येण्याची वर्दी देतात.

येणारा कोण, ते ऐक. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तानावरून, कमी दाबाच्या लाटा एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांच्या आधाराने त्या येतात. काश्मीर-हिमाचलातला बर्फ त्यांचाच, पंजाबच्या गव्हावरचा हिवाळी पाऊसही त्यांचाच. आपण नागपूरवाले त्यांच्या वाटेत नाही, फार दक्षिणेला पडलो. पण एखाद्या लाटेची शेपटी लांब असली तर ती विदर्भावरून घासत जाते. नुसत्या शेपटीने काही होत नाही, कारण ती वर थंड हवा आणते, पाणी नाही. पाण्यासाठी दुसरा कोणीतरी लागतो.

तो दुसरा बुधवारी आला. पहाटे उठलो तर थंडी नाहीच, १९ अंश! एका रात्रीत सात अंश चढले होते. गच्चीवर गेलो. आईची वाळत घातलेली साडी रोज दक्षिणेकडे फडकते, ती त्या दिवशी वायव्येकडे फडकत होती. वारा आग्नेयेकडून येऊन राहिला होता. जास्त दाबाच्या जागेभोवती वारा आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. तशी एक जागा बंगालच्या उपसागरावर जाऊन बसली की तिच्या पश्चिम कडेचा वारा समुद्रावरची वाफ उचलून ओडिशा-छत्तीसगडवरून थेट आपल्या अंगणात आणतो. दुपारी कोरडा काटा २७ वर, ओला २१ वर. फरक चौदावरून सहावर आला होता. मुगवड्यांना बोट लावलं तर चिकटत होतं. आई म्हणाली, "आज ऊनच खोटं आहे."

खाली उपसागराची दमट हवा आणि वर पश्चिमेची थंड. सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, शिवाय पेपरात गुरुवारसाठी ऑरेंज अलर्ट होता. आता माझी गोष्ट.

माझ्या जुन्या मोबाईलमध्ये हवेचा दाब मोजायचा सेन्सर आहे. दाब म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या डोक्यावर जेवढी हवा उभी आहे तिचं वजन. समुद्राच्या पातळीवर तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो. आपण ३१० मीटर उंच, तेवढी हवा पायाखाली गेली, म्हणून इथे ९७८ च्या आसपास. दर साडेआठ-नऊ मीटर चढलं की एक कमी होतो. आपल्या जिन्याने गच्चीवर नेला तर काटा जवळजवळ एकाने हलतो, मी करून पाहिलं आहे. दिवाळीपासून मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर हा दाब लिहून ठेवतो. आईला वाटतं उधारी लिहितो.

बुधवारी दुपारी चारला दाब ९७३ होता. सूर्य बुडताना ढगांखालून ऊन पडलं, गच्च्या सोनेरी झाल्या. रात्री साडेनऊला पाहिलं तर ९७६. तीनने वाढला! दाब वाढला म्हणजे हवा सुधारते, एवढं तर शाळेतही शिकवतात. तेवढ्यात आबाजींचा फोन आला. काटोलकडच्या आपल्या वावरात हरभरा सोंगून दोन दिवस झाले होते, कडपे वावरातच पडलेले.

"काहून रे, गोळा करून ताडपत्री टाकू का? चार बाया सांगायला लागते रातच्यालाच. मले वाटते पाणी येते. वारा पडला, अंग चिकचिक होऊन राहिलं."

मी म्हणालो, "राहू द्या आबाजी. दाब वाढून राहिला. उद्या उघडते."

"पेपरात त नारिंगी सांगतलं म्हणते."

"ते दरवेळी सांगते."

"तू म्हणतं त राहू दे," ते म्हणाले.

गुरुवारी सव्वातीनला त्यांचाच फोन. मी हॅलो म्हटलं, पलीकडून शब्द नाही. फक्त आवाज. गोठ्याच्या टिनावर कोणी ट्रकभर गिट्टी ओतावी तसा. आबाजींनी फोन हातात धरून बाहेर केला होता. अर्धा-एक मिनिट मी तो ऐकत उभा राहिलो. मग त्यांनी फोन कानाला लावला, म्हणाले, "ऐकलं?" आणि ठेवून दिला.

मी बाहेर मांडलेल्या बॉड्या आत ओढल्या. घरी फोन केला, वड्या उचल म्हणून. आई म्हणाली, "सकाळीच उचलल्या. ऑरेंज अलर्ट आहे न पेपरात." ज्या बाईने चार दिवस त्या खात्याचा उद्धार केला, तिने ऐकलं. आणि मी?

पावणेपाचला ते आमच्याकडे पोहोचलं. काटोल इथून साठेक किलोमीटर, मध्ये दीड तास, म्हणजे ताशी चाळीसने ढग येऊन राहिला होता. हा हिशेब मी त्या वेळी मनात केला, का केला कोण जाणे. आधी वायव्येचं आभाळ शाईसारखं झालं. वीज चमकली आणि मी मोजायला लागलो. बारापर्यंत गेलो तेव्हा गडगडलं. आवाज एका किलोमीटरला तीन सेकंद घेतो, म्हणजे चार किलोमीटर. पुढची वीज सहावर. मग अचानक गार वाऱ्याचा लोट आला, इतका की समोरच्या पानठेल्याची छत्री उलटी झाली. पाच मिनिटांपूर्वी ३० वर असलेला काटा २० वर. हे बघून तर मला हसूच आलं, कारण तो माझाच धंदा होता. ढगातून पडणारं पाणी वाटेतल्या हवेत उडतं, गारा वितळतात, त्यात हवा थंड होते, जड होते आणि धाडकन खाली येऊन चहूकडे पसरते. पंप नाही, ताट्या नाहीत, आणि अख्ख्या शहराला दहा अंश!

त्यामागून गारा. दुकानाचं टिन वाजायला लागलं तेव्हा शेजारचा वेल्डर काहीतरी ओरडून सांगत होता, मला फक्त त्याचे ओठ दिसत होते. सहा-सात मिनिटं चाललं. रस्ता पांढरा झाला. पोट्टे बाल्टी डोक्यावर धरून गारा वेचायला पळाले. मीही पळालो, खोटं कशाला सांगू. बऱ्याचशा बोराएवढ्या होत्या. दोन आवळ्याएवढ्या सापडल्या.

एक मी आरीच्या पत्तीने मधोमध कापली. हात गारठले, पण काम सफाईने झालं. आत कांद्यासारखे पापुद्रे होते. मधोमध दुधाळ ठिपका, त्याच्याभोवती काचेसारखा स्वच्छ गोल, मग पुन्हा दुधाळ, मग बाहेर स्वच्छ. ते कसं होतं सांगतो. या दिवसांत आपल्यावर चारेक किलोमीटर गेलं की तापमान शून्याला येतं. ढग मात्र दहा किलोमीटरच्याही वर जातो. मधल्या भागात पाण्याचे थेंब शून्याखाली असूनही पाणीच राहिलेले असतात, गोठायला काहीतरी आधार शोधत. एखाद्या बर्फाच्या कणाला ते आपटले की त्याच्यावर गोठतात. फार थंड भागात झटकन गोठले तर हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधाळ होतो. पाणी भरपूर असलेल्या भागात सावकाश गोठले तर बुडबुडे निसटतात आणि थर काचेसारखा होतो. आमच्या वेळी शिकवत, की जितके थर तितक्या वेळा गार ढगात खालीवर गेली. तसं मोजायचं कारण नाही. खालून वर येणारा वारा तिला तोलून धरतो आणि ती वेगवेगळ्या भागांतून सरकत एकाच सफरीतही असे थर जमवते. वाऱ्याला तिचं वजन पेलेनासं झालं की ती सुटते. आवळ्याएवढी गार ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने येते. स्कूटरच्या सीटवर तिने खड्डा पाडला आहे, तू आलास की बघशील.

पावसाळ्यात एवढे ढग येतात, मग गारा आत्ताच का? पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी आणखी हजार-दीड हजार मीटर वर सरकते आणि सगळी हवा दमट-उबदार असते. गार जन्मली तरी खाली येईस्तोवर पाणी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर अजून हिवाळा असतो आणि खाली उन्हाळा सुरू झालेला असतो. या भांडणाचा माल आपल्या डोक्यावर पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर विदर्भ-मराठवाड्यात दिवसेंदिवस गारपीट झाली होती. तू तेव्हा फार लहान होतास. आबाजींचा संत्र्याचा बगीचा त्या वर्षी काठीने झोडपल्यासारखा दिसत होता.

त्या रात्री झोप लागली नाही. उठून उधारीची वही काढली. बुधवार रात्री साडेनऊ: ९७६. एक ओळ वर, मंगळवार रात्री साडेनऊ: ९७९. त्याच्या वर, सोमवार: ९८०. माझ्याच अक्षरात. दाब वाढला नव्हता बेटा, दिवसाकाठी तीनने घसरला होता.

चूक अशी झाली. समुद्राला असते तशी हवेलाही भरती-ओहोटी असते. ती चंद्राची नाही, मुख्यतः सूर्याच्या तापण्याची. आपल्यासारख्या उष्ण भागात दाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास वर जातो, आणि पहाटे चार व दुपारी चारच्या सुमारास खाली येतो. दोन-तीनचा फरक रोज पडतो, ढग असो की नसो. मी चारचा आकडा आणि साडेनऊचा आकडा शेजारी ठेवले आणि त्यालाच हवामान समजलो. काल साडेनऊचा आणि आज साडेनऊचा ठेवायला हवे होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, दिवाळीपासूनच्या त्या पानांवर ती रोजची चढउतार मीच लिहून ठेवली आहे. पण सोनेरी ऊन पडलं होतं, आणि मला तेच हवं होतं.

शुक्रवारी पहाटेच स्कूटर काढून निघालो. फेटरीच्या पुढे धुकं इतकं की हँडलच्या पुढचं दिसेना. जमीन ओली, रात्री आभाळ मोकळं झालेलं, वारा नाही. जमीन थंड झाली, तिला टेकलेली दमट हवा थंड झाली, आणि तिच्या पोटात वाफ मावेनाशी होऊन तिचे थेंब झाले. सोमवारीही आभाळ मोकळंच होतं आणि शुक्रवारपेक्षा थंडी जास्त होती. पण तेव्हा हवेत वाफच नव्हती, म्हणून धुकं नव्हतं. एका ट्रकच्या लाल दिव्यामागे धरून-धरून गेलो.

वावरात आबाजी एकटेच कडपे उलटे करून राहिले होते. मी बाजूच्या ओळीला लागलो. घाटे फुटून दाणे मातीत पडले होते, भिजलेल्या घाट्यांना काळपट रंग चढायला लागला होता. तिसरा हिस्सा तरी गेला असं मला वाटतं, ते बोलले नाहीत. संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे पुढच्या पिकाची, फुलं झाडांखाली लाह्या सांडल्यासारखी होती. मृगाची संत्री झाडावर आहेत, पण सालीला टोचे पडले, आता व्यापारी येऊन आधी तेच दाखवणार. तलाठी पंचनाम्याला येतो म्हणाला आहे.

नऊ वाजता धुकं उठलं तेव्हा आम्ही बांधावर बसलो. मी म्हणालो, "आबाजी, माझ्यामुळे झालं."

ते म्हणाले, "मले माहीत होतं न पाणी येते म्हून. मग तुझं काहून ऐकलं म्या?" आणि थोड्या वेळाने, "ते दाब का काय, मले दाखव बरं एकदा." मी मोबाईल काढून दाखवला. त्यांनी चष्मा पुसून आकडा वाचला आणि विचारलं, हा आता चढून राहिला की उतरून. मी म्हणालो, "दहापर्यंत चढणार. रोजच चढते."

तर खोटं बोलण्याचं. मी आबाजींना खोटं बोललो नाही, आणि तरी त्यांचा हरभरा भिजला. सोनेगावला बसलेला माणूस माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहतो. त्याला रडार आहे, उपग्रहाची चित्रं आहेत, रोज वर सोडलेल्या फुग्यांचे आकडे आहेत. तरी त्याला 'तुरळक' आणि 'शक्यता' म्हणावं लागतं. अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये कॉम्प्युटरवर हवामानाचं एक गणित चालवलं होतं. ते मधूनच पुन्हा सुरू करताना त्याने ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ टाकला. सुरुवातीला दोन्ही उत्तरं जोडीने चालली, मग त्या दोन हवामानांचं एकमेकांशी काही नातं उरलं नाही. मी पत्रा कापताना एवढासा फरक केला तर कूलरच्या बॉडीला कळतही नाही. हवेला कळतो. म्हणून उद्याचा अंदाज पक्का असतो, पाचव्या दिवसाचा कच्चा, आणि महिन्यानंतर कोणत्या वारी गार पडेल हे सांगणाऱ्यापासून आपण पाकीट सांभाळावं.

तुमची बस रविवारी शिवाजीनगरवरून जाते म्हणालास. तिथे सिमला ऑफिसचा चौक लागतो. मला वर्षानुवर्षं वाटायचं तिथे थंड असते म्हणून सिमला. ते हवामान खातंच आहे. खातं सुरू झालं १८७५ मध्ये, त्याचं मुख्यालय आधी कलकत्त्याला होतं, मग सिमल्याला गेलं, १९२८ मध्ये पुण्यात आलं आणि नाव सोबत घेऊन आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं. खिडकीची जागा मिळाली तर बघ, दगडी मनोऱ्याची इमारत आहे.

काल शनिवारी उत्तरेचा वारा परत आला, आभाळ धुतल्यासारखं, पहाटे ११ अंश. विक्षोभ पुढे निघून गेला की त्याच्या मागची कोरडी थंड हवा अशी खाली घसरते. स्वेटर पेटीत टाकले होते ते आईने परत काढले आणि होळी जळाल्याशिवाय आता पेटी उघडायची नाही असं जाहीर केलं. वड्या वाळल्या. अर्ध्या तुला पाठवते आहे, मित्रांना दे, सगळ्या एकट्याने संपवू नको.

दुसरी गार मी कापली नाही. तुझ्यासाठी स्टीलच्या डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली आहे. आई रोज विचारते, मटारच्या जागेवर हे काय. गुरुवारी रात्री कॅलिपरने मोजली तेव्हा ३१ मिलीमीटर होती, आज ३० भरली. फ्रीजरमधल्या कोरड्या हवेत बर्फ पाणी न होताच वाफ होऊन उडतो, वड्यांसारखाच. तीन दिवसांत एक मिलीमीटर, आणि तू यायला अजून पन्नासेक दिवस. तुझी सुट्टी लागेल तेव्हा ती १० ते २० मिलीमीटरच्या मध्ये असेल, असा माझा अंदाज आहे. वहीत तारीख टाकून लिहिला आहे. लाईट गेली तर माझी जबाबदारी नाही.

तुझा,
बाबा